मराठवाड्याचा उन्हाळा आणि टांगत्या कुंड्या : कोणती झाडे निवडावीत?

पश्चिमगॅलरी (लातूर), ३ मार्च

सर्वांना नमस्कार. आमच्या घराला अंगण नाही, मात्र दोन गॅलऱ्या आहेत. एक स्वयंपाकघराबाहेर पूर्वेला आणि दुसरी रस्त्याच्या बाजूने पश्चिमेला. घराबाहेर लोंबती फुले असावीत ही माझी जुनी हौस असल्यामुळे बांधकामाच्या वेळीच दोन्हीकडच्या स्लॅबमध्ये प्रत्येकी तीन कड्या बसवून घेतल्या होत्या. जी काही बाग व्हायची ती या सहा कड्यांवरच व्हायची आहे.

मागच्या हंगामात पश्चिमेला तीन पिटुनिया आणि पूर्वेला दोन बोस्टन फर्न व एक स्पायडर प्लांट लावला. पिटुनियांनी जानेवारी-फेब्रुवारीत इतकी फुले दिली की रस्त्याने जाणारी माणसे थांबून चौकशी करत असत. होळीनंतर मात्र फांद्या बुडाकडून पिवळ्या पडू लागल्या आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिन्ही कुंड्या रिकाम्या झाल्या. फर्नची पाने कडेने करपत गेली. मी घाबरून दिवसातून तीनदा पाणी घातले, तरी मे महिन्यात ती पापडासारखी चुरत होती. स्पायडर प्लांट जगला, पण त्याच्या प्रत्येक पानाचे टोक तपकिरी आहे.

पाण्याची स्थितीही सांगते, कारण त्याशिवाय कोणाला उत्तर देता येणार नाही. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते आणि ते पिण्यासाठी राखून ठेवावे लागते. झाडांना बोअरचे पाणी मिळते, जे इतके जड आहे की स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग राहतात. मी नोकरी करते, त्यामुळे दुपारी घरी कोणी नसते. अशा ठिकाणी मार्च ते जून तग धरतील अशी झाडे कोणती, हे ज्यांनी आपल्याच भागात करून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे. पुण्या-बंगळुरूच्या गॅलऱ्यांची छायाचित्रे पाहून पुन्हा पैसे घालवायचे नाहीत.

काळीमाती (परभणी), ३ मार्च

ताई, पिटुनियाचे वाईट वाटून घेऊ नका. आपल्या भागात ती हिवाळी पाहुणी आहे. ऑक्टोबरमध्ये रोप लावावे, होळीपर्यंत फुले घ्यावीत आणि पारा ३५ अंशांच्या पुढे जाऊ लागला की तिला निरोप द्यावा. फर्नची गोष्ट निराळी आहे. त्याला उन्हापेक्षा कोरडी हवा जास्त मारते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या वेळी आपल्याकडे हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि झळा वाहू लागल्या की पानांतून जेवढे पाणी उडते तेवढे मुळे वर पोहोचवूच शकत नाहीत, मग कुंडीत कितीही ओल असो. कोकणातल्या पडवीत जो फर्न कोणी लक्ष न देताही फोफावतो, तो लातुरात दिवसातून तीनदा पाणी घालूनही वाळतो, त्याचे कारण हे आहे. उलट त्या जादा पाण्याने मुळे कुजण्याचीच शक्यता अधिक.

टांगती कुंडी ही जमिनीवरच्या कुंडीपेक्षा मुळातच कठीण जागा आहे. जमिनीवरच्या कुंडीला खालून फरशीचा गारवा मिळतो आणि तिच्या शेजारच्या कुंड्या तिच्यावर सावली धरतात. टांगतीला वरून ऊन आणि चहूबाजूंनी, अगदी खालूनसुद्धा, वारा. त्यात तिच्यातील माती अगदी थोडी असते. अर्धगोलाकार कुंडी २० सेंटिमीटर व्यासाची असेल तर तिच्यात जेमतेम दोन लिटर मिश्रण मावते, आणि ३० सेंटिमीटरची असेल तर सुमारे सात लिटर. म्हणजे व्यास दीडपट केला की माती सव्वातीनपटीहून अधिक होते. माझे स्पष्ट मत असे आहे की मराठवाड्यात ३० सेंटिमीटरपेक्षा लहान कुंडी बाहेर टांगूच नये. दुकानांत मिळणाऱ्या सुबक, रंगीत, सहा इंची कुंड्या मे महिन्यात दुपारी दोन वाजेपर्यंत भट्टीसारख्या तापतात.

आता झाडांविषयी. अनेक वर्षे झाडे मारून झाल्यावर मी एक साधी कसोटी ठरवली आहे. ज्या झाडाचे भाऊबंद आपल्या बांधावर, पडीक रानात किंवा पिकात तण म्हणून कोणी न विचारता जगतात, ते झाड आपल्या गॅलरीत जगण्याचा संभव मोठा. चिनी गुलाब, म्हणजे पोर्तुलाका, हा घोळाच्या भाजीचा सख्खा नातेवाईक आहे. शोभेचा अॅस्पॅरॅगस हा शतावरीच्या कुळातला. लोळती जांभळी लँटाना ही आपल्या घाणेरीची बहीण. आणि ज्या केन्याला सोयाबीनमधून खुरपून खुरपून बायांची कंबर मोडते, त्याच केन्याच्या कुळातले झेब्रिना, पर्पल हार्ट आणि टर्टल वाइन रोपवाटिकेत पैसे मोजून घ्यावे लागतात. माझ्या चुलत्यांनी माझ्या गॅलरीतील लँटाना पाहून, “घाणेरी विकत आणलीस होय?” असे विचारले होते, त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पश्चिमेच्या तीन कड्यांवर मी चिनी गुलाब, रसेलिया आणि लोळती लँटाना लावेन. पूर्वेला अॅस्पॅरॅगस, टर्टल वाइन आणि आपला जगलेला स्पायडर प्लांट.

बावन्नदरवाजे (छत्रपती संभाजीनगर), ४ मार्च

काळीमाती यांच्या कसोटीचा मी आदर करतो, पण तिला एक पुरवणी जोडावी लागेल. रसेलिया मेक्सिकोकडची आहे आणि तिचा कोणीही भाऊबंद आपल्या बांधावर नाही, तरी त्यांनीच ती सुचवली आहे. सदाफुली मादागास्करची, तीही इथे जन्मल्यासारखी वाढते. तेव्हा नात्यापेक्षा झाडाची ठेवण पाहावी, असे मला वाटते: पाने जाड व रसदार आहेत का, किंवा रसेलियासारखी जवळजवळ नाहीशी होऊन हिरव्या काड्याच उरल्या आहेत का, किंवा मुळांना गाठी आहेत का. या तिन्हींपैकी एक जरी असेल तरी झाड पाण्याचा ताण सोसते.

चिनी गुलाबाची ताकद तर याच्याही पुढची आहे. सर्वसाधारण झाड दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेते आणि तेवढ्या वेळात पाणी गमावते. पोर्तुलाकाच्या जातींना पाण्याचा ताण पडला की त्या ही छिद्रे रात्री उघडून कर्बवायू साठवून ठेवू शकतात आणि दिवसा दारे लावून घेतात. आपणही मे महिन्यात दुपारी दारे-खिडक्या लावून बसतोच.

पिटुनियाला मात्र मी हद्दपार करणार नाही. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च या काळात पिटुनिया, नॅस्टर्शियम, अॅलिसम आणि व्हर्बिना टांगत्या कुंड्यांत उत्तम होतात. एका कडीवर वर्षभर एकच झाड असले पाहिजे असा नियम नाही. मी दोन हंगामी कुंड्या ठेवतो. थंडीत फुलांची, उन्हाळ्यात चिनी गुलाबाची.

काळीमाती (परभणी), ४ मार्च

रसेलियाबाबत मी पकडला गेलो, हे मान्य. आपली पुरवणी घेतली.

गोदाकाठ (नांदेड), ५ मार्च

माझे दीर रोपवाटिका चालवतात आणि हिशेबाच्या निमित्ताने मीही तेथे बसते, म्हणून विकणाऱ्याच्या बाजूने काही सांगते. आमच्याकडे येणारी बरीचशी शोभेची रोपे बाहेरगावच्या हरितगृहांतून गाडीने येतात. ती जाळीखाली, दमट हवेत आणि शुद्ध कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढलेली असतात. गिऱ्हाईक ती मार्चमध्ये नेते आणि त्याच संध्याकाळी पश्चिमेच्या कडीला टांगते. चौथ्या दिवशी तक्रार येते. रोप आणल्यावर निदान दहा-बारा दिवस ते घरातील सर्वांत सौम्य जागी जमिनीवर ठेवावे, मग सकाळचे दोन तास ऊन द्यावे आणि नंतर हळूहळू वेळ वाढवावा. उन्हाळ्यासाठीची झाडे खरे तर फेब्रुवारीतच लावायला हवीत, म्हणजे एप्रिलपर्यंत मुळे कुंडीभर पसरतात. ताईंना अजून फार उशीर झालेला नाही, पण हा पंधरवडा हातचा जाऊ देऊ नये.

अॅस्पॅरॅगसविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण नांदेडच्या उन्हात मी ज्या एकाच झाडाची हमी देऊ शकते ते हे आहे. बाजारात त्याला अॅस्पॅरॅगस फर्न म्हणतात, पण ते फर्न नव्हे. त्याच्या मुळांवर शेंगदाण्यापासून लहान लिंबापर्यंतच्या आकाराच्या पांढरट गाठी असतात आणि त्यांत पाणी साठलेले असते. आठ दिवस गावाला जाऊन आल्यावर आमच्या ओट्यावरचा अॅस्पॅरॅगस फक्त थोडा फिकट झाला होता. त्याला भर दुपारचे ऊन मात्र देऊ नये. त्याने तो मरत नाही, पण पिवळा पडून बारीक पानगळ सुरू होते आणि गॅलरी दिवसातून दोनदा झाडावी लागते. फांद्यांना लहान काटे असतात, म्हणून कुंडी मुलांच्या डोक्याच्या उंचीवर नसावी. लाल फळे धरली तर ती मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. दोन वर्षांनी गाठींनी कुंडी इतकी भरते की पाणी वरच्या वर वाहून जाते. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडाला झाड बाहेर काढून सुरीने सरळ चार भाग करावेत. एका झाडाची चार झाडे होतात.

गिऱ्हाइके दुसऱ्या क्रमांकावर मनी प्लांट मागतात. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या गॅलरीत, थेट ऊन न लागणाऱ्या कडीवर तो चालेल. पश्चिमेला नको. मोत्यांच्या माळेसारखी दिसणारी स्ट्रिंग ऑफ पर्ल्स मी स्वतः कोणाला सुचवत नाही; उन्हाळ्यात ती भाजते आणि त्यातून वाचली तर जुलैच्या झडीत कुजते. आमचा तेवढा धंदा बुडाला तरी चालेल. त्याऐवजी बेबी सन रोज घ्यावे. पाने तशीच रसदार, फुले लहान गुलाबी, भावाने स्वस्त आणि एका कुंडीच्या काड्यांतून दहा कुंड्या होतील इतके सोशिक.

पश्चिमगॅलरी (लातूर), ५ मार्च

आपणा सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका आहेत. माझ्याकडे लोखंडी सांगाड्यात काथ्याचे अस्तर असलेल्या चार कुंड्या आहेत, त्या वापराव्यात का? आणि भरणी कशाची करावी? शेतातील काळी माती घरपोच मिळते, पण काळीमाती याच नावाचे सदस्य काय म्हणतात ते ऐकायचे आहे.

काळीमाती (परभणी), ६ मार्च

नाव काळीमाती असले तरी टांगत्या कुंडीत ती घालू नका. कापसाला आणि तुरीला जे मानवते ते सात लिटरच्या परडीला मानवत नाही. आपली माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. कुंडीत तिचा गोळा कडेपासून सुटतो आणि घातलेले पाणी त्या फटीतून खाली गळून जाते. वरून वाटते की पाणी पुरेपूर झाले, आत मुळे कोरडीच. शिवाय वजन पाहा. ओली काळी माती लिटरमागे पावणेदोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे ३० सेंटिमीटरची कुंडी बारा किलोंवर गेली. कोकोपीटचे मिश्रण भिजल्यावरही त्याच कुंडीचे वजन सहा-सात किलोंत राहते.

मी तीन भाग कोकोपीट, दोन भाग चाळलेले गांडूळ खत, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे) किंवा तुरीच्या काड्यांचा बारीक कोळसा, एक भाग गाळाची किंवा तांबडी माती आणि ओंजळभर निंबोळी पेंड असे मिश्रण करतो. पाच किलोंची कोकोपीटची वीट भिजवल्यावर साठ-सत्तर लिटर होते, त्यामुळे सहा कुंड्यांना एक वीट भरपूर झाली. ती वीट दोनदा तरी पाण्याने धुऊन पिळून घ्यावी, कारण काही विटांत क्षार असतात आणि आपल्या बोअरच्या पाण्यात ते आधीच उदंड आहेत.

काथ्याचे अस्तर दिसायला सुंदर, पण आपल्या वाऱ्यात ते वातीसारखे काम करते आणि ओल बाहेर ओढून उडवून टाकते. फेकू नका. खताच्या रिकाम्या गोणीतील आतले प्लास्टिक काथ्याच्या आतून लावा आणि तळाला पाच-सहा भोके पाडा. बाहेरून काथ्या दिसेल, आतून प्लास्टिकची कुंडी राहील.

माळवद (अंबाजोगाई), ७ मार्च

मी जुन्या वाड्यात राहतो. आमच्या ओसरीच्या तुळईला झोपाळ्याच्या दोन कड्या आणि शिंकाळ्यांसाठी चार आकडे आजही आहेत. लहानपणी त्या आकड्यांना दही-लोण्याची शिंकाळी लटकत असत, आता त्यांवर माझी झाडे आहेत. शिंकाळ्याची रचना टांगत्या कुंडीला इतकी योग्य आहे की वेगळ्या साखळ्या घेण्याची गरज मला पडली नाही. भांडे कोणत्याही आकाराचे असो, चार दोऱ्या खाली एका कड्याला आणि वर एका गाठीला बांधल्या की ते तोल धरते. फक्त सुतळी किंवा अंबाडीचा दोर बाहेरच्या उन्हा-पावसात वर्षभरातच कुजतो. अंबाडीच्या दोरावर माझा जीव होता, पण एक सदाफुलीची कुंडी मध्यरात्री खाली आल्यापासून मी नायलॉनची दोरी वापरतो. आवाजाने सारी आळी जागी झाली होती.

ज्यांच्या स्लॅबमध्ये आधीच कड्या नाहीत त्यांनी गिलाव्यात खिळा ठोकून कुंडी टांगू नये. ड्रिल करून काँक्रीटमध्ये फास्टनर बसवावा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या छताला तर हातच लावू नये. कडी आणि कुंडी यांच्यामध्ये एस आकाराचा आकडा ठेवावा, म्हणजे कुंडी एका हाताने काढता येते. मृगाच्या आधी जे वावटळीचे वारे सुटतात, त्या दिवशी कुंड्या उतरवून भिंतीशी ठेवाव्या लागतात. गारपिटीतही तेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना आभाळ काळे-हिरवे दिसू लागले की काय करायचे हे सांगावे लागत नाही.

बालाघाट (धाराशिव), ७ मार्च

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, परंतु एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. ज्या जिल्ह्यांत एप्रिलपासून टँकरच्या वेळा पाहून माणसे कामाला जातात, तेथे केवळ शोभेसाठी सहा कुंड्यांना रोज पाणी घालणे योग्य आहे का? टोमणा म्हणून लिहीत नाही. मला स्वतःला झाडे आवडतात आणि म्हणूनच हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात पडतो.

पश्चिमगॅलरी (लातूर), ७ मार्च

बालाघाट यांचा प्रश्न मला लागला, पण तो रास्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा मी याच शहरात होते आणि त्या वर्षी आमच्याकडे एकही कुंडी नव्हती. माझी अट म्हणून लिहिते: एकदा वापरलेल्या पाण्यावर जगतील तेवढीच झाडे मी ठेवीन.

काळीमाती (परभणी), ८ मार्च

मग हिशेबच करू. ३० सेंटिमीटरच्या कुंडीला मे महिन्यात, वर सुचवलेली झाडे असतील तर, पश्चिमेला रोज एक लिटर आणि पूर्वेला त्याहून कमी पाणी लागते. चिनी गुलाब व बेबी सन रोज यांना एक दिवसाआड दिले तरी चालते. सहा कुंड्यांचे मिळून रोजचे चार-पाच लिटर झाले. तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेले पाणी चार माणसांच्या घरात सहज तेवढे निघते. त्यात साबण किंवा मीठ नसावे, एवढेच पथ्य.

या निमित्ताने कोणते पाणी घालू नये तेही लिहितो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी बाहेर पडते त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी त्याहून वाईट. दिवसभर पाणी उडत राहते, क्षार मात्र टाकीतच राहतात. कूलरच्या गवताच्या जाळ्यांवर जो पांढरा थर जमतो तोच थर आपण ते पाणी घालून कुंडीत जमवत असतो. ताईंच्या स्पायडर प्लांटची टोके जळण्याचे कारणही बहुधा जड पाणी हेच आहे. त्याला धुण्याचे पाणी नको, पण वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी एखाद्या शेजाऱ्याकडून मिळाले तर जरूर घालावे, त्यात क्षार नसल्यासारखेच असतात. पावसाळ्यात एकदोनदा कुंडी भर पावसात ठेवून साठलेले क्षार धुऊन जाऊ द्यावेत.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतील पाणी दुपारी हाताला चटका देते. ते मुळांवर ओतू नये. पाणी सूर्योदयापूर्वी द्यावे, आणि आठवड्यातून एकदा कुंडी उतरवून दहा मिनिटे बादलीत बुडवून ठेवावी. बुडबुडे यायचे थांबले की मधला कोरडा भाग भिजला असे समजावे. बादलीत उरलेले पाणी पुढच्या कुंडीला वापरता येते.

गोदाकाठ (नांदेड), ८ मार्च

कुंडीखाली थेंब झेलायला ज्या बशा मिळतात त्यांतील पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठ्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळतो त्याच दिवशी बशाही उपड्या कराव्यात.

बालाघाट (धाराशिव), ९ मार्च

हिशेब पटला. आता मीच एक झाड सुचवतो, म्हणजे माझा प्रश्नही हलका होईल. पानओवा टांगत्या कुंडीत लावून पाहा. पाने जाड आणि लवदार असल्यामुळे तो उन्हात टिकतो, वाढला की कडेवरून खाली लोंबतो, आणि पाहुणे आले की चार पाने बेसनात बुडवून भजी करता येतात. पुदिनाही टांगत्या कुंडीत होतो, पण तो पाण्याचा हावरट आहे. तो हिवाळ्यात लावावा.

पश्चिमगॅलरी (लातूर), १७ मे

दोन महिन्यांनी लिहिते आहे. पश्चिमेला चिनी गुलाब, रसेलिया आणि पानओवा लावला. लोळती लँटाना येथे मिळाली नाही. पूर्वेला अॅस्पॅरॅगस, टर्टल वाइन आणि जुना स्पायडर प्लांट. रोपे आणल्यावर बारा दिवस स्वयंपाकघराबाहेर जमिनीवर ठेवली होती.

चिनी गुलाब सकाळी नऊच्या सुमारास उमलतो आणि दुपारनंतर मिटतो. आमच्याकडे त्याला ऑफिस टाइम का म्हणतात ते आता कळले. अडचण एवढीच की मी घरातून निघते तेव्हा तो उमलू लागतो आणि परत येते तेव्हा मिटलेला असतो. त्याचे फूल मी रविवारीच पाहते. रसेलियाच्या लाल नळ्यांवर शिंजीर रोज येतो. टर्टल वाइनला एप्रिलच्या शेवटी सकाळचे ऊन जास्त झाले, पाने जांभळट होऊन आखडली; ती कुंडी आतल्या कडीवर नेली, आता बरी आहे. पानओव्याची पाने दुपारी मलूल होतात आणि संध्याकाळी ताठ उभी राहतात.

रसेलियाच्या काड्यांवर मात्र बारीक जाळे आणि पिवळट ठिपके दिसत आहेत. काय करावे?

काळीमाती (परभणी), १७ मे

लाल कोळी आहे. वांग्यावर उन्हाळ्यात येतो तोच. त्याला कोरडी उष्ण हवा आवडते आणि पाणी आवडत नाही. सलग चार दिवस पहाटे काड्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. तेवढ्याने हटला नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व दोन थेंब भांड्यांचा साबण मिसळून संध्याकाळी फवारा; ऊन असताना तेल फवारल्यास पाने भाजतील. आणि या महिन्यात कोणत्याच कुंडीला खत घालू नका. पाऊस पडून गारवा आला की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश सारख्याच प्रमाणात असलेले विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा.

बावन्नदरवाजे (छत्रपती संभाजीनगर), १८ मे

चिनी गुलाबाविषयी एक गोष्ट राहिली होती. पाऊस सुरू होण्यापूर्वी त्याच्या चार-सहा काड्या तोडून कोरड्या जागी वेगळ्या लहान कुंडीत खोचून ठेवाव्यात. मोठी कुंडी झडीत कुजली तरी वाण शिल्लक राहतो. सदाफुली लावणाऱ्यांनीही पावसाळ्यात ती छपराच्या आत घ्यावी, तिची मूळकूज त्याच दिवसांत होते.

पश्चिमगॅलरी (लातूर), १६ जून

चार दिवसांपूर्वी पहिला चांगला पाऊस झाला. सहाही कुंड्या जिवंत आहेत. वाऱ्याच्या दोन रात्री माळवद यांनी सांगितल्याप्रमाणे त्या उतरवून ठेवल्या होत्या. लाल कोळी फवाऱ्यानेच गेला, तेल लागले नाही.

नवी अडचण अशी की पूर्वेच्या अॅस्पॅरॅगसमध्ये बुलबुलाने वाटीएवढे घरटे केले आहे आणि त्यात तीन अंडी आहेत. ही कुंडी आता बादलीत बुडवता येणार नाही आणि वरून पाणी घातले तर घरटे भिजेल. घरातील मुले ती कडी सोडायला तयार नाहीत. काय करावे?

गोदाकाठ (नांदेड), १६ जून

त्या कुंडीला महिनाभर हात लावू नका. बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पिले त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच उडून जातात. गाठींत पाणी आहे, हवेत आता ओल आहे, तेवढ्यावर अॅस्पॅरॅगस निभावून नेईल. फारच वाळल्यासारखा वाटला तर मादी चरायला गेलेली पाहून, घरट्याच्या विरुद्ध कडेने, तांब्याची धार लावून अर्धा तांब्या पाणी सोडा.

माळवद (अंबाजोगाई), १६ जून

आणि त्या कडीखालून मांजर उडी मारू शकेल असे स्टूल असेल तर ते आजच आत घ्या.

पश्चिमगॅलरी (लातूर), १६ जून

स्टूल होते. आत घेतले.